एकाच दाराचं नाटक

परभणीत नाटक यायचं म्हणजे आधी त्याची बातमी यायची, मग बातमी खोटी असल्याची बातमी यायची, आणि मग कधीतरी नट-नट्यांनी भरलेली बस स्टेशन रोडला लागायची. त्र्याऐंशीच्या जानेवारीत जे नाटक यायचं होतं, त्याच्या आधी मात्र पोलिसांची गाडी आली. बोर्डावर नाव काही का असेना, परभणीत त्याला सगळे ‘ते नाटक’च म्हणायचे. पुण्यात तीन वर्षं चाललेलं, मुंबईत पेपरांनी रकाने भरून वाखाणलेलं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, त्या दिवसांतलं नाटक. पुण्या-मुंबईच्या लोकांनी ते पाहून डोळे पुसले आणि घरी जाऊन जेवले. आता ते जिथं घडलं तिथंच येणार होतं, आणि इथं कुणी कुणाशेजारी बसून डोळे पुसायचे, हा मोठाच प्रश्न होता.

हॉटेलाहॉटेलांत दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे दगड पडणार, कुणी म्हणे पडदाच वर जाऊ देणार नाहीत, कुणी म्हणे त्यात आपल्या जिल्ह्याची बदनामी आहे. हे म्हणणाऱ्यानं नाटक पाहिलेलं नसायचं, हे सांगायला नकोच. व्यंकटराव म्हणून एक रिटायर पेशकार होते. परभणीत आलेलं एकही नाटक त्यांनी सोडलेलं नव्हतं. त्यांनी पहिल्याच दिवशी पुढच्या ओळीतली खुर्ची धरून ठेवली आणि वर विचारलं, "गाणी किती हायत?" गाणं एकही नाही म्हटल्यावर नाराज झाले, पण खुर्ची काही सोडली नाही. शेवटी वरून हुकूम आला, रात्रीचा खेळ नको, दिवसाउजेडी उरका. मग एका टॉकीजचा पडदा उतरवून दुपारी बाराचा खेळ ठरला.

आता हे नाटक होतं कुणाचं, तर वालूरच्या पलीकडं दोन कोसांवर एक गाव आहे, तिथल्या चांगुणाबाईचं. गावाचं नाव मी घेत नाही. नाव घेतलं की लोक त्या एका गावावर बोट ठेवून मोकळे होतात.

चांगुणाबाई तेव्हा पंचेचाळिशीची. काटक, काळीसावळी, बोलायला फटकळ. छप्पन साली ती लग्न होऊन सासरी आली आणि दोन महिन्यांत सासऱ्यानं दीक्षा घेऊन घरातले देव ओढ्यात सोडले. नव्या सुनेनं देव पाहिले ते टोपलीत बसून जाताना, असं ती हसून सांगायची. तिच्या हातात एक कला होती. भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतारा द्यावा तर चांगुणाबाईनं. दसरा जवळ आला की गावातल्या एकूणएक माळवदाच्या घरावर तिचा हात फिरायचा. फडकं बुडवून असा सपाट ओढायची की भिंतीवर बोटाची खूण सापडायची नाही. बाहेरून चारी भिंती तिच्या, आतून एकही नाही.

नर्मदाबाईचं घर त्यातलंच. नवरा दिनकरराव, तीस एकरांचा कास्तकार. नर्मदाबाई आणि चांगुणाबाई एकाच साली सुना होऊन गावात आल्या, त्यामुळं दोघींचं जमायचं. जमायचं म्हणजे कुठं, तर मागल्या दाराशी. पोताऱ्याचं काम झालं की भाकरी-कालवण मागल्या दारातून, सुगीची ज्वारी मागल्या दारातून, सासवांच्या तक्रारीही मागल्याच दारातून. पंचफुला झाली तेव्हा नर्मदाबाईनं झबलं शिवून दिलं, तेही तिथूनच. पोरगी बोलायला लागली तशी त्या दाराशी उभी राहून "नर्मदामाय" म्हणून हाक मारायची आणि गुळाचा खडा घेऊन यायची. पुढच्या दारानं चांगुणाबाई त्या घरात कधी गेली नाही, आणि ‘येऊ नको’ असं तिला कधी कुणी म्हटलंही नाही. म्हणायची वेळच आली नाही, इतकं ते दोन्हीकडं पक्कं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात पंचफुला पहिल्या बाळंतपणाला पाथरीकडच्या सासरहून माहेरी आलेली होती. सातवा महिना. आसपासच्या गावांतून जाळपोळीच्या बातम्या यायला लागल्या होत्या, पण आपल्या गावात काही व्हायचं नाही, असं वस्तीतल्या सगळ्यांना वाटायचं. त्या साली मराठवाड्यातल्या प्रत्येक वस्तीला हेच वाटत होतं. एका संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, पाऊस धरलेला असताना माणसं आली. त्यात बाहेरची होती आणि गावातलीही होती. पावसात छप्पर पेटत नाही म्हणतात. रॉकेल असलं की पेटतं. आश्रुबानं, म्हणजे चांगुणाबाईच्या नवऱ्यानं, म्हातारी आई पाठीवर घेतली. चांगुणाबाईनं धाकटं पोरगं काखेला मारलं. हायब्रीड ज्वारीच्या वावरात जाऊन लपायचं, तर मधे गुडघाभर चिखल. पंचफुला दोन पावलं चालली आणि पोट धरून थांबली. तेव्हा चांगुणाबाई तिला म्हणाली, "तू नर्मदाबाईच्या मागल्या दाराला जा. त्या घेतील."

पोरगी गेली. बायनाबाई नावाची शेजारीण कडब्याच्या गंजीआड लपली होती, तिनं पाहिलं ते असं : पंचफुला दिनकररावांच्या मागल्या दाराशी उभी होती, दोन्ही हातांनी दार बडवायली होती, दार काही उघडलं नाही. मग गल्लीच्या तोंडाला माणसं दिसली तशी ती ओढ्याकडं पळाली. ओढ्याला पूर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन कोस खाली बाभळीला अडकलेली सापडली.

पंचनाम्यात लिहिलं, पुराच्या पाण्यात पाय घसरून. गावानंही तेच धरलं. पाय घसरला बिचारीचा. दाराचं नाव कुणी काढलं नाही. बायनाबाई महिन्याभरात लेकाकडं निघून गेली ती परत आली नाही. दसरा आला तशी नर्मदाबाईनं गड्याच्या हाती पोताऱ्याचा निरोप धाडला. चांगुणाबाईनं गड्याला दारातूनच परत पाठवलं आणि पुन्हा त्या घराच्या भिंतीला हात लावला नाही. पाच वर्षं दोघींत शब्द नाही.

आणि घरात आश्रुबा. आधीच अबोल माणूस. तो बायकोला ‘पंचफुलाची माय’ म्हणून हाक मारायचा. त्या श्रावणानंतर त्यानं तिला कसलीच हाक मारली नाही. ‘आगं’ म्हणायचा, नाहीतर खाकरायचा.

एकोणऐंशीत आश्रुबाचा पुतण्या रंगनाथ, परभणीला कचेरीत कारकून होता, तो पुण्याच्या चार पोरांना घेऊन वस्तीत आला. पोरं गुणी होती. चहा प्यायली, खाली बसली, वह्यांत लिहून घेतलं. चांगुणाबाईनं सगळं सांगितलं. एक वाक्य सोडून. पोरीला दाराला कुणी धाडलं, हे ती बोलली नाही. "पोर दाराला गेली आन दार उघडलं न्हाई," एवढं म्हणाली. कोणतं दार, हे पोरांनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. दार म्हणजे मागलंच, त्यात सांगायचं काय. शेजारी आश्रुबा मान खाली घालून सुतळी वळत बसला होता. त्याच पोरांनी पुण्याला जाऊन हे नाटक उभं केलं.

नाटक परभणीला येतंय हे रंगनाथ सांगायला आला आणि त्यानं दोन पास हातात ठेवले, एक काकूला आणि एक काकाला. आश्रुबानं पासाकडं पाहिलं आणि म्हणाला, "म्या बघितलंय ते." उठून वावरात गेला. चांगुणाबाई मात्र रात्रंदिवस एकच विचार करायला लागली. पुण्यात सांगितलं, मुंबईत सांगितलं, त्याचं तिला काही नव्हतं. पुण्याच्या माणसांनी कुठं दार लावलं होतं? दार उघडलं नाही हे एकदा, एकदाच, चारचौघांत नर्मदाबाईच्या कानांवर पडावं, एवढं तिला पाहिजे होतं. भांडण नको, माफी नको. पाय घसरला नव्हता, एवढं तिनं माणसांत बसून ऐकावं.

तिनं दुसरा पास घेतला आणि पाच वर्षांनी ती त्या घराकडं गेली. गेली ती मागल्याच दाराला. बाभळीच्या फळ्या त्याच होत्या, खालचा कोपरा पावसानं खाल्लेला. हाक मारायला तोंड उघडेना, म्हणून कडी वाजवली. दार लगेच उघडलं. चांगुणाबाईनं चौकट धरली.

नर्मदाबाई खंगली होती. सासू गेलेली, दिनकरराव दोन वर्षांमागं छातीच्या दुखण्यानं गेलेले, कपाळ मोकळं. चांगुणाबाईनं पास पुढं केला.

"परभणीला नाटक हाय. आमच्या पंचफुलाचं. तुमी यावं."

नर्मदाबाईनं पास उलटा-सुलटा करून पाहिला. तिला वाचता येत नव्हतं. मग म्हणाली, "यीन."

चांगुणाबाईला वाटलं, लेकांचं निमित्त काढील, डोळ्यांचं काढील. पण रविवारी सकाळी वालूरच्या स्टँडवर नर्मदाबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आधीच उभी होती. एसटीत खिडकीची जागा धरली आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून म्हणाली, "बस इथं." आयुष्यात पहिल्यांदा दोघी एका बाकावर बसल्या, आणि परभणी येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत.

टॉकीजपुढं ही गर्दी. एका अंगाला निळे झेंडे, दुसऱ्या अंगाला हाताची घडी घालून उभी राहिलेली पोरं, मधे पोलीस. कॉलेजचे मास्तर, वकील, दवाखान्यातल्या नर्सबाया, खेड्यांतून आलेली वस्त्यांमधली माणसं. खेड्यातल्या बायका लेकरं घेऊन आल्या होत्या आणि लग्नाला आल्यासारख्या एकमेकींना "कदी आलीस?" विचारत होत्या. रंगनाथनं दोघींना चौथ्या ओळीत बसवलं. नर्मदाबाई कोण, हे त्यानं ओळखलं आणि काकूकडं पाहिलं. काकूनं मान हलवली, राहू दे म्हणून.

पडदा वर गेला. स्टेजच्या मधोमध दाराची एक चौकट उभी होती. वर आंब्याचं तोरण, खाली उंबरा, उंबऱ्यावर रांगोळी. बाकी काही नाही. चांगुणाबाईला वाटलं, हे कुणाचं तरी दुसऱ्याचं घर असेल, आपल्या नर्मदाबाईचं पुढं येईल.

पुण्याची पोरगी चांगुणा झाली होती. चांगली उंच, गोरी, तोंडाला काजळी फासलेली. ती "गं बया, काय गं करू मी आता" असं कुठल्या तरी घाटावरच्या बोलीत म्हणाली आणि अख्खं टॉकीज हसलं. वस्त्यांमधली माणसंही हसली. पोरीच्या चेहऱ्यावर कळलं की पुण्यात या वाक्याला कुणी हसत नसे. चांगुणाबाईला तिची दया आली. एवढ्या लांब येऊन दुसऱ्याच्या आईचं रडायचं, म्हणजे सोपं काम नाही.

पण हसणं तेवढंच. वस्ती पेटली तसा आवाज बंद झाला. लाल दिव्यापुढं धूर सोडला होता, लेकरं रडायला लागली. बाल्कनीतून शिट्टी आली, तिच्यामागून शिवी, आणि पाठोपाठ पाच-सात जण खुर्च्या आपटत बाहेर गेले. बाकीचे जागचे हलले नाहीत. व्यंकटरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

मग पंचफुला आली. बारकी पोरगी, पोटाला फडकं बांधलेलं. ती धावत आली ती थेट त्या तोरणाच्या दाराशी.

"पुढून कामून गेली ही?" चांगुणाबाई अर्धवट मोठ्यानं म्हणाली. पुढच्या ओळीतल्या नर्सबाईनं मागं वळून पाहिलं.

पोरगी दार बडवायला लागली. दाराच्या मागं नर्मदाबाई झालेली बाई दाखवली होती. दाराला पाठ लावून, दोन्ही हातांनी कडी दाबून उभी. पोरगी बाहेरून हाका मारते, आतली हलत नाही. किती वेळ ते चाललं देव जाणे. बाल्कनीतला एक बाप्या रडक्या आवाजात म्हणाला, "उघड की गं माय." सातआठशे माणसं त्या एका चौकटीकडं बघत होती.

हाच तो क्षण. पाच वर्षं चांगुणाबाई याच्यासाठी थांबली होती. तिनं मान वळवून नर्मदाबाईकडं पाहिलं.

नर्मदाबाईनं पदर तोंडात कोंबला होता. तिनं तो काढला आणि हळू आवाजात, पण नीट ऐकू येईल असं म्हणाली, "खोटं हाय हे. पुढचं दार उघडं व्हतं. म्या सोता कडी काढली व्हती."

पुढचं नाटक चांगुणाबाईनं डोळ्यांनी पाहिलं, बाकी काही पाहिलं नाही. कुणीतरी भाषण केलं, कुणीतरी मशाल धरली. शेवटी अर्धं टॉकीज उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि बाहेर घोषणा सुरू झाल्या होत्या. रंगनाथ स्टेजवर आला आणि म्हणाला की जिच्या लेकीचं हे नाटक, ती माउली आज आपल्यात बसली आहे, तिनं उभं राहावं. माना वळल्या. चांगुणाबाई उठली नाही. समोरच्या खुर्चीची पाठ धरून बसून राहिली. रंगनाथला वाटलं, काकू लाजली. दाराशी व्यंकटराव भेटले, आपण कुणाशी बोलतोय हे न कळून तिलाच म्हणाले, "गाणी न्हवती, पर त्या पोरीनं रडायचं काम झकास केलं." चांगुणाबाई म्हणाली, "व्हय, झकास केलं."

एसटी सेलू सोडून वालूरच्या रस्त्याला लागली तेव्हा कुठं तिनं तोंड उघडलं.

"कडी काढली व्हती मनता?"

"काढली व्हती," नर्मदाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "वस्तीतून धूर दिसला तशी म्या ओसरीत आले. मालक चावडीवर गेलते. म्हणलं, चांगुणा येईल लेकरं घेऊन. कडी काढून दार ढकलून ठेवलं आन उभी ऱ्हायले. पुढून कुणी आलंच न्हाई." मग तिनं विचारलं, "ती मागं कामून गेली गं, चांगुणा?"

तिला खरंच माहीत नव्हतं. म्हणूनच ते इतकं लागलं. चांगुणाबाईच्या कानांत तिचंच वाक्य वाजायला लागलं. मागल्या दाराला जा. पाच वर्षं तिनं त्या बाभळीच्या फळ्यांचा द्वेष करून दिवस काढले होते. द्वेष होता म्हणून उठून कामाला जाता येत होतं. आता ती नर्मदाबाई म्हणते की दार उघडं होतं, फक्त दुसऱ्या अंगाला. नुसतं ‘नर्मदाबाईच्या घरी जा’ म्हटलं असतं तर? पण तसं म्हटलं असतं तरी पंचफुला कुठं गेली असती? पोरीला त्या घराचं पुढचं दार माहीतच नव्हतं. तिला कुणी दाखवलं होतं?

गावात पोचल्या तेव्हा ऊन कलायला आलं होतं. माणसं अजून वावरांतच होती. घरापाशी आल्यावर चांगुणाबाई म्हणाली, "तुमी पुढं उभ्या ऱ्हावा. ओसरीत, कडी काढून. त्या दिवशीसारख्या."

नर्मदाबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि निमूट कुलूप काढून आत गेली.

चांगुणाबाई घराला वळसा घालून मागं आली. पोटुशी पोरगी कुठं उभी राहील, तिथं उभी राहिली. दोन्ही हातांनी दार बडवलं. मग पंचफुला मारायची तशी हाक मारली, "नर्मदामाय." आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. पुन्हा मारली. मग पुढं आली.

नर्मदाबाई उंबऱ्यावर बसलेली होती.

"ऐकू आलं?"

"आलं."

"त्या दिवशी पाऊस व्हता," चांगुणाबाई म्हणाली. तिला स्वतःलाच कळेना की ती हिला सोडवायला का बघतेय.

"व्हता," नर्मदाबाई म्हणाली. "तरी बी आलं व्हतं. सगळं आलं व्हतं. म्या इथंच उभी. म्हणायले मनातल्या मनात, पुढं ये गं, पुढून ये. दार उघडं हाय. पर हलले न्हाई." तिनं मागं, घरात, हात दाखवला. "मधी सैपाकघर व्हतं, चांगुणा. सासूबाई चुलीपुढं बसल्या व्हत्या. मागून घेतली आसती तर सैपाकघरातून आणावी लागली आसती."

वीस पावलं असतील, जास्त नाहीत. चांगुणाबाईनं ती उंबऱ्याबाहेरून डोळ्यांनीच मोजली. ओसरी, माजघर, चूल, त्याच्या पलीकडं मागल्या दाराचा अडसर. या घराला आतून तिनं आज पहिल्यांदा पाहिलं.

"काय म्हणायली व्हती?" तिनं विचारलं.

"कोण?"

"पोर. हाका मारताना काय म्हणायली व्हती?"

नर्मदाबाईच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. ते पुसायला तिनं हात उचलला नाही. "‘नर्मदामाय, मी हाय, पंचफुला,’" ती म्हणाली. "एवढंच. तिला वाटलं आसंल, म्या वळखलं न्हाई."

चांगुणाबाईनं ते ऐकून घेतलं. नाटकात पंचफुला झालेल्या पोरीला पानभर बोलायला दिलं होतं. खरं बोलणं एवढंच होतं, आणि ते पाच वर्षं या ओसरीत पडून होतं.

"आत ये," नर्मदाबाई सरकून जागा करत म्हणाली. "पुढून ये."

"आता न्हाई," चांगुणाबाई म्हणाली आणि वस्तीकडं चालायला लागली.

आश्रुबा अंगणात बैलाचं दावं वळत बसला होता. तिनं पायांवर पाणी घेतलं, तांब्या भरून त्याच्यापुढं ठेवला आणि त्याच्याशेजारी खाली बसली. तो दाव्यावरनं नजर न काढता म्हणाला, "झालं का नाटक?"

"झालं. लय माणूस व्हतं."

"आन?"

"चांगलं केलं पोरांनी. दार तेवढं एकच व्हतं. मागलं दाखवलंच न्हाई."

तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग म्हणाली, "तुमाला एक सांगायचं ऱ्हायलंय. पोरगी आपली-आपण गेली न्हवती. म्या धाडली व्हती. मागल्या दाराला जा, त्या घेतील, आसं म्याच म्हणले व्हते. पुढचं दार उघडं व्हतं, आवं. कडी काढलेली व्हती. माझ्या तोंडात मागलंच आलं."

एवढं म्हणून ती रडली. नाटकातल्या पोरीसारखी नाही. तोंड गुडघ्यांत घालून, आवाज न करता, अंग हलवत.

आश्रुबानं हातातलं दावं बाजूला ठेवलं. "म्या ऐकलं व्हतं," तो म्हणाला. "माय पाठीवर व्हती, पर ऐकलं व्हतं."

तिनं मान वर केली. पाच वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन तिच्या हातची भाकरी खात होता.

"मग बोलला कामून न्हाई?"

त्यानं घराच्या पोतारलेल्या भिंतीकडं पाहिलं. मग पाच वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिला जुन्या नावानं हाक मारली.

"पंचफुलाची माय," तो म्हणाला, "बोलून काय बोललो आसतो? तू तिला जा म्हणली नसतीस तर म्या म्हणलो आसतो. आन म्या बी मागल्याच दाराला धाडली आसती."